पाच वितींची चौकट

आमच्या बैठकीच्या खोलीत शेकोटी नाही, धुराडं नाही. तरी सुनेनं भिंतीला शेकोटीची चौकट करायला घेतली. दोन खांब, वर जाड फळी, मधे मोकळी जागा.

"घोडा नाही आणि खोगीर शिवायला बसलीस?" मी म्हटलं.

रंधा न थांबवता ती म्हणाली, "घोडा तुमच्या ट्रंकेत आहे, आई."

ट्रंकेत माझ्या मालकांचं घड्याळ होतं. ते गेल्यापासून दर आठवड्याला किल्ली मीच देत आले. पण या घरात त्याला धड जागा नाही. टेबलावर ठेवलं तर वाकावं लागतं, आणि मी कुणापुढे वाकलेली नाही. कपाटावर ठेवलं तर माझा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणजे मुलाची मनधरणी. तो दोनदा विसरला. घड्याळ बंद पडलं, तसं मी ते घोंगडीत गुंडाळून ठेवून दिलं.

"उंची किती ठेवू?" सुनेनं विचारलं.

टेपवरचे आकडे मला लागत नाहीत, पण कबूल कोण करतंय? एकटी असताना भिंतीशी मोजून ठेवलं होतं, ते ठणकावून सांगितलं, "पाच वीत. वर नको, खाली नको."

आंघोळीला बसले आणि लक्षात आलं. वीत कुणाची? तिची बोटं लांबसडक. तिच्या पाच विती म्हणजे किल्लीचं भोक माझ्या कानाशी. जाऊन सांगायला जीभ रेटेना.

बाहेर आले तर हिची हाक, "आई, ही फळी जरा धरा. पंजा पुरता पसरून दाबा."

"धडधाकट नवरा सोडून म्हातारीला जुंपतेस?"

हसत तिनं कानामागची पेन्सिल काढली, काहीतरी खुणा केल्या. मला कुठलं लक्ष! मी मनात विती मोजत होते.

चार दिवस घरभर भुसा. मग भेगा बुजवायची लांबी, मग रंग. चौकट उभी राहिली तसा मुलगा म्हणाला, "बुटकी झाली गं! फोटोतल्या शेकोटीची छातीपर्यंत असते."

"फोटोतल्या लोकांना किल्ली द्यायची नसते," सून म्हणाली आणि घड्याळ आणून फळीवर ठेवलं.

मी किल्ली लावली. हात खांद्याच्या खालीच राहिला. लोलक हलला, टिकटिक सुरू झाली.

"माप कुठून आणलंस?"

तिनं मला मोकळ्या जागेतून फळीच्या खालची बाजू दाखवली. तिथं रंग नव्हता. पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या, एक माझ्या अंगठ्याची, एक करंगळीची.

हे बघायला मात्र मी वाकले होते.

"डावा खांब केसभर वाकडा आहे," मी उठत म्हटलं.

"बघते हं, आई."

मग राहवेना. तिच्या केसांतला भुसा झटकला. "काही वाकडं नाही. माझा मान राखलास, बाई. मी विसरायची नाही."

मुलगा कळवळून म्हणाला, "आई, आता मी आठवणीनं देत जाईन किल्ली."

"हात लावून बघ!"