मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

उजव्या डोळ्यासमोर पडदा धरल्यासारखं झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं, "आता स्टिअरिंग विसरा." उभी हयात टुरिस्ट बस चालवलेला माणूस तो. घरात त्याचं बोलणंच आटलं. खिडकीशी बसायचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर कोण कसे टाकतं ते ऐकत राहायचा.

त्याची बायको घरी शिलाईकाम करायची. तिनं कुणाला पत्ता लागू न देता ड्रायव्हिंगचा क्लास लावला. लायसन्स हातात पडल्यावर भावाची जुनी गाडी मागून आणली, डिकीत तंबू आणि स्टोव्ह टाकला आणि म्हणाली, "डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात तुम्ही अख्ख्या जगाला फिरवून आणलंत. मला कधी नेलंत?"

तो मुकाट्यानं तिच्या शेजारी बसला.

मुकाट्यानं म्हणजे उद्यानाच्या फाटकापर्यंत. घाट लागला आणि त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं. "क्लच सोड हळू. हॉर्न दे. अगं, वळणावर कुणी असा ब्रेक मारतं का?" पायाखाली काही नसताना त्याचा उजवा पाय एकसारखा ब्रेक दाबत होता. आधीच ती जीव मुठीत धरून चालवत होती. शेवटी तिनं गाडी कडेला घेतली.

"अहो, तुम्ही मागं बसता का?"

"मागं?"

"एक तर तुम्ही मागं बसा, नाहीतर मी इथून घरी चालत जाते."

तो धुसफुसत मागं गेला. तिला वाईट वाटत होतं, पण गाडी मात्र सरळ चालली होती. देवदारांची रांग संपून दरी उघडी पडली तशी मागून हळूच विचारणा झाली, "हा धबधबा कधी झाला इथं?"

"आता तुम्हीच सांगा. या रस्त्यावर तुमची हयात गेली."

"माणसं ओरडायची, बघा बघा म्हणून. माझी नजर रस्त्यावर." तो काचेला नाक लावून बसला. "बराच मोठा आहे गं."

ती हसली नाही, फक्त वेग कमी केला.

चहाची वेळ झाली असेल. एका वळणापलीकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. पुढं दगडमातीचा ढीग, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी वळवायला जागा नाही. मागच्या रुंद जागेपर्यंत उलटंच जावं लागणार होतं. तिनं हँडब्रेक ओढला.

"तुम्ही घेता का?" ती म्हणाली आणि तिचं तिलाच चुकल्यासारखं झालं.

तो स्टिअरिंगकडे क्षणभर बघत राहिला. "नाही. दरीची बाजू मला धड दिसत नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं डॉक्टरांपुढंही उच्चारलं नव्हतं. "तूच घे. मी खाली उतरून कड्याच्या बाजूनं चालतो. आरशात फक्त माझा हात बघ."

तो चालायला लागला. ये, ये, थोडं डावीकडं, थांब. आवाज चढला नाही, क्लचचं नाव निघालं नाही. ती आरशातल्या त्या हातावर नजर ठेवून गाडी मागं घेत होती. एकदा चाकाखालचा खडा दरीत गडगडत गेला आणि इंजिन बंद पडलं.

"पडू दे बंद," तो म्हणाला. "मीही या घाटात नवा असताना रडलो होतो. प्रवाशांना वाटलं, सर्दी झालीय."

ती खळखळून हसली. तिनं इंजिन पुन्हा चालू केलं. मग गाडी सरकत सरकत रुंद जागेत आली.

खालच्या बाजूला तळ्याकाठी तंबूंसाठी मैदान होतं. उजेड असेपर्यंत दोघांनी तंबू उभा केला. खुंट्या त्यानं ठोकल्या, दोऱ्या तिनं ताणल्या. तंबूला बाक आला तेव्हा शिवण तिरकी आहे म्हणून तिनं बनवणाऱ्याला नावं ठेवली. स्टोव्हवर चहा उकळला.

"बरी चालवतेस," कप हातात घेताना तो म्हणाला.

"नुसती बरी?"

"चांगली. आता यापेक्षा जास्त मागू नकोस."

सकाळी दरड बाजूला झाल्याचं उद्यानाच्या रखवालदारानं येऊन सांगितलं. उन्हं कोवळी असतानाच दोघं निघाली. वरच्या खिंडीपाशी तिनं हाक मारली, "अहो, बघा, शिखरावर बर्फ आहे."

आरशात बघितलं तर चालत्या गाडीत आयुष्यात कधी डोळा न मिटलेला तो माणूस तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. तिनं हाक परत मारली नाही. पुढची वळणं तिनं त्याची मान हलणार नाही अशी घेतली.