सिमेंट आधी की कर्ज आधी

वर्गातली सगळी मुलं तिला ताई म्हणत. वयात फरकच तेवढा होता. ही चौदा वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून आलेली, आणि तिने पहिल्यांदा काउंटर सांभाळला तेव्हा शेजारच्या बाकावरची पोरं पाढे पाठ करत होती. बँकेने तिला दोन वर्षांची अभ्यासरजा दिली होती. देताना साहेबांनी बजावलं होतं, की पदवी घेऊन आलात तर संशोधन विभागात टेबल, नाहीतर काउंटर आहेच, तो कुठे पळून जात नाही. आता रजेचे सहा आठवडे उरले होते आणि ताईच्या प्रबंधात एक तारा उगवायला तयार नव्हता.

तारा म्हणजे आकाशातला नव्हे. संगणकाला समीकरण सोडवायला दिलं, की जो संबंध निव्वळ योगायोगाचा वाटत नाही त्याच्या आकड्यापुढे तो एक बारीकसा तारा छापतो. संबंध फारच पक्का असला तर तीन. अर्थमिती, म्हणजे अर्थशास्त्रातली आकडेमोड, शिकणाऱ्या माणसाची भूक, झोप आणि घरच्यांशी बोलण्याचा सूर या ताऱ्यांवर ठरतो.

विषय तिच्या मार्गदर्शक सरांनी दिलेला. या महिन्यात सिमेंट जास्त खपलं, तर पुढच्या महिन्यात घरबांधणीची कर्जं वाढतात का? खरंतर सरांनी ते पंधरा वर्षांपूर्वीच सिद्ध केलं होतं. त्या एका लेखावर त्यांना नाव मिळालं, खुर्ची मिळाली, आणि मुलांकडून 'सिमेंटवाले सर' ही पदवीही मिळाली. लेखाचं पहिलं पान त्यांच्या खोलीत चौकट करून लावलेलं होतं. ताईने फक्त नंतरच्या वर्षांचे आकडे जोडायचे आणि संबंध अजून टिकून आहे एवढं दाखवायचं. सोपं काम म्हणून तिने ते हसत हसत पदरात घेतलं होतं.

सोपं कसलं! बँकेतल्या सवयीने ग्रंथालयात बसून तिने सरांच्या वर्षांसकट जुन्या पत्रकांतून सव्वीस वर्षांचे आकडे स्वतःच्या हाताने उतरवले. जानेवारीखाली फेब्रुवारी, फेब्रुवारीखाली मार्च. मागच्या महिन्याचं सिमेंट या महिन्याच्या कर्जासमोर आणून ठेवलं आणि समीकरण सोडवलं. तारा नाही. सणासुदीची वाढ वजा केली, महागाई वजा केली, आकड्यांऐवजी त्यांच्यातली वाढ-घट घेतली. नाहीच. चार महिने ती त्या पडद्यासमोर डोकं आपटत होती. संगणकाच्या प्रयोगशाळेतली पोरं दोन दिवसांत तीन तीन तारे घेऊन चहाला जात, आणि जाताना वर म्हणत, "ताई, होईल हो!" तिला त्यांच्या पाठीत रट्टा घालावासा वाटे.

सरांकडे गेली की एकच उत्तर. "संबंध आहे. तुमचं टायपिंग चुकलं असणार."

पाचव्यांदा गेली तेव्हा सरच वैतागले. "तुम्ही असं करा, माझी मूळ फाइल घ्या. स्वच्छ आहे. नवे महिने तिच्यातच वरती जोडा."

तिने एकावर एक महिना चढवत ते जोडले, आणि पहिल्याच फटक्यात तीन तारे आले. ताईला आधी आनंद झाला आणि मग स्वतःचाच संताप आला. म्हणजे चार महिने आपण साधे आकडेही धड उतरवू शकलो नाही! चौदा वर्षांत हिशेबात एकदाही न चुकलेल्या बाईला ते फार लागलं. पण तारे ते तारे. प्रबंध आठ दिवसांत लिहून झाला.

रविवारी दुपारी ती दादाकडे जेवायला गेली. दादा बांधकामाचा ठेकेदार. शिक्षणाशी त्याचं कधी जमलं नाही, पण धाकट्या बहिणीचं कौतुक त्याला भारी. ताटावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मग छोटे, काय शोध लावलास तू?"

तिने सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

"म्हणजे लोक आधी सिमेंट घेतात आणि मग कर्ज काढतात?"

"आकडे तसं म्हणतात."

"अगं, मी वीस वर्षं घरं बांधतोय. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय गिऱ्हाईक मला खड्डासुद्धा खणू देत नाही. आधी कर्ज, मग महिन्याभराने माझी सिमेंटची गाडी. उलटं कुणी केलेलं मी तरी नाही बाबा पाहिलं."

"दादा, हे शास्त्र आहे. तुला नाही कळायचं."

"नसेल कळत. भाजी घे."

भाजी ताटात तशीच राहिली. हात धुऊन ती तडक विद्यापीठात गेली आणि सरांची फाइल उघडून पहिली ओळ वाचली. सर्वांत नवा महिना सगळ्यात वर होता. शेवटची ओळ वाचली. सर्वांत जुना महिना तळाला. सांख्यिकी कार्यालय आकडे तसेच पाठवतं, कारण मागणाऱ्याला ताजा आकडा आधी हवा असतो. पण संगणकाला तारखा कळत नाहीत. 'मागचा महिना घे' म्हटलं की तो बापडा वरची ओळ उचलतो. आणि या फाइलमध्ये वरच्या ओळीत बसलेला होता पुढचा महिना. म्हणजे कर्जानंतर आलेलं सिमेंट तिने कर्जाआधी नेऊन ठेवलं होतं. नवे महिने तिने स्वतः, स्वतःच्या हाताने, वरती जोडले होते, तरी डोळ्यांत शिरलं नव्हतं.

तिने फाइल सरळ केली. तीनही तारे गेले. मग कर्ज आधी आणि सिमेंट नंतर असं लावून पाहिलं, तर तीन तारे हजर. दादाच्या ताटावरचं वाक्य, दशांश चिन्हासकट.

मग तिला पुढचं सुचलं. तिने फक्त सरांचे जुने महिने घेतले आणि सरांच्याच पद्धतीने, फाइल उलटीच ठेवून, सोडवले. चौकटीतल्या पानावरचे आकडे जसेच्या तसे आले.

आता कुणावर चिडायचं? स्वतःची बरोबर असलेली फाइल फेकून दिली म्हणून स्वतःवर? पंधरा वर्षांत एकदाही तारीख वाचली नाही म्हणून सरांवर? की तो लेख वाचून माना डोलावणाऱ्या सगळ्यांवर? ताई आळीपाळीने सगळ्यांवर चिडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उलट्या आणि सरळ फाइलीची दोन्ही छापील उत्तरं सरांच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं.

सरांनी कागद पाहिले. पुन्हा पाहिले. "ठेवून जा," म्हणाले.

ती थांबली. "सर, प्रबंध कुठला देऊ?"

"ठेवून जा म्हटलं ना."

तिने सरळ फाइलीवरून प्रबंध नव्याने लिहिला आणि सहीसाठी पाठवला. चार दिवसांनी कारकुनाने तो परत आणून दिला. सही होती. बाकी हो नाही, बरं नाही, वाईट नाही, अवाक्षर नाही. त्या मुक्या सहीने तिचं डोकं जास्तच फिरलं. माणसाने निदान ओरडावं तरी!

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांच्या शेजारी सर, समोर संगणक उघडून ताई. परीक्षकांनी पानं चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, तुमच्या सरांचा गाजलेला निष्कर्ष याच्या नेमका उलटा आहे. आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवतोय. तुम्ही फाइल उलटी तर लावली नाहीत ना? नवशिक्यांची नेहमीची चूक आहे ही."

ताईने सरांकडे पाहिलं. सर पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते. आपण खरं बोललो तर ज्यांची सही आहे त्यांनाच सगळ्यांसमोर उघडं पाडणार. गप्प बसलो तर नापास. सहा आठवड्यांतला आता एकच उरला होता. तिला सरांचा इतका राग आला की डोळे भरून आले, आणि परीक्षकांना वाटलं, ही चूक कबूल करते आहे. त्यांनी शेरा लिहायला पेन उघडलं.

"फाइल तिची सरळ आहे," सर म्हणाले. "उलटी माझी होती."

परीक्षक मोठ्याने हसले. "सर, विद्यार्थ्यांना किती सांभाळून घ्याल तुम्ही!"

सर हसले नाहीत. त्यांनी ताईचा संगणक स्वतःकडे ओढला, आपली पंधरा वर्षांपूर्वीची फाइल उघडली आणि परीक्षकांपुढे सरकवली.

"वरची पहिली तारीख वाचा," ते म्हणाले. "मोठ्याने वाचा. मी कधी वाचली नाही."