उलटी गाठ

पैज लावा, ही गोष्ट ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही. गेल्या रविवारी जिच्या डोक्यावर वाळक्या गवतासारखे चार केस उभे होते, त्याच बाईच्या पाठीवर या रविवारी कमरेपर्यंतची वेणी लोळत होती! खोटं वाटत असेल तर फर्निचरच्या दुकानावरच्या त्या सभागृहातल्या बायकांना विचारा. खुर्च्या संपल्या, पायऱ्या भरल्या, तरी बायका येतच होत्या. कुणी रुमाल बांधलेली, कुणी टोपी कानापर्यंत ओढलेली.

मंचावर केशमाई. हातात निळी बाटली, ओठांना चिकटलेला माईक.

"डॉक्टर काय म्हणतो? रक्त तपासा! अगं बायांनो, केस डोक्यावर उगवतो का रक्तात? पीक शेतात येतं का विहिरीत?"

हशा पिकला, टाळ्या पडल्या. विहीर आटल्यावर शेताचं काय होतं, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही.

"माझे तर तापानंतर मुठीमुठीनं गळाले होते," एक मास्तरीण उठून सांगू लागली. "माईंचं तेल लावलं, चार-पाच महिन्यांत सगळे परत!"

तापानं गेलेले केस बहुतेक वेळा तेवढ्याच काळात आपसूक परत येतात, तेल लावा नाहीतर खुंटीला टांगा. पण कोंबड्यानं बांग दिली आणि उजाडलं, की उजाडण्याचं श्रेय कोंबडा कशाला सोडतोय?

तिसऱ्या रांगेत दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली विगच्या कारखान्यात कामाला. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि बारीक आकड्यानं एकेक केस गाठ मारून जाळीत ओवायचा, हे तिचं काम. ती डावखुरी. त्यामुळे तिची गाठ बाकीच्यांच्या उलट पडायची आणि केस भलत्या अंगाला कलायचे. मुकादम खेकसायचा, "बाई, तुझी गाठ म्हणजे घराला मागनं दार!" असे विग बादच्या खोक्यात जात आणि भंगाराच्या भावात कुणीतरी उचलून नेई. बोटांना इतकी सवय झालेली की बसमध्ये, जेवताना, अगदी झोपेतसुद्धा थोरलीची डावी बोटं हवेत गाठी मारत. धाकटी चिडवायची, "ताई, स्वप्नात कुणाला टक्कल पडलं गं?"

आता धाकटी असलं काही बोलत नसे. तिचा भांग आधी रुंदावला, मग त्याची पायवाट झाली, मग हमरस्ता. पाळी चार-चार महिने गायब, कमरेचा घेर वाढलेला, मानेची कातडी मळल्यासारखी काळी; घासली तरी न निघणारी. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं होतं, "तुझ्या शरीराला साखर नीट वापरता येत नाहीये. त्यात हार्मोन्सचाही तोल गेलाय. केस हा नुसता निरोप्या आहे. निरोप काय आहे ते ऐक. गोळ्या घे, रोज चाल, जेवण सुधार. वेळ लागेल. सगळे केस परत येतील असं वचन मात्र मी देणार नाही."

आता सांगा, वचन न देणाऱ्याचा माल बाजारात कोण घेतं? माईनं नऊ दिवसांचं वचन दिलं. पथ्य सोपं: डॉक्टरी गोळ्या बंद, जेवण बंद आणि दर दोन तासांनी 'अमृतपाक'. अमृतपाक म्हणजे साखरेचा दाट पाक, वर गुलाबी रंग.

आज सहावा दिवस. धाकटी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, तरी जीभ टाळूला चिकटलेली. काल जिन्यात डोळ्यांपुढं अंधारी येऊन ती खालीच बसली होती. थोरलीनं विनवलं, रागावली, पाकाची बाटली लपवून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी!

"तुझे दाट आहेत ना," धाकटी म्हणाली होती, "मग तुला बोलायला काय जातंय?"

बहिणीसोबत येऊन बसायचं आणि ती पडली तर धरायचं, एवढंच आता थोरलीच्या हातात उरलं होतं.

"या, या! हात लावून बघा!" माईनं वेणीवालीला पुढं ओढलं. "मुळापासून फुटलेला केस आहे. ओढा, हिसका द्या! सुटला तर मी माझं मुंडन करीन!"

रांग लागली. जी ती वेणी ओढी, आणि जिची ती "आई गं!" करी. धाकटी मंचाशी पोचली आणि तिचे डोळे भरून आले. मागोमाग थोरलीनं हात पुढं केला. वेणीला नाही, सवयीनं तो भांगालाच गेला.

बोटांना आधी कळलं, डोक्याला नंतर. केसांखाली जाळी. जाळीवर गाठी. भलत्या अंगाला कललेल्या.

बोलावं, तर शेजारी बहिणीचा तो चेहरा. कित्येक महिन्यांनी तो उजळलेला दिसत होता. आणि बोललं तरी ऐकणार कोण? एवढ्या बायकांपुढं ती एकटी.

माईनं माईक तिच्या तोंडाशी धरला. "लाजतेस काय? सांग सगळ्यांना, केस खरे का खोटे?"

"खरे आहेत," थोरली पुटपुटली. आणि ते खरंच होतं. कारखान्यात नकली धागा कधी वापरलाच नव्हता.

सभागृह दणाणलं. तिच्या खरेपणानं खोट्यालाच खांदा दिला होता.

धाकटी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती ताईच्या डाव्या हाताकडं बघत होती. हवेत बोटं हलत होती. आकडा खाली, वळसा, ओढ.

"ताई," ती म्हणाली. माईक अजून चालूच होता. "केस खरे आहेत, पण कुणाचे?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कुणाचे ते ठाऊक नाही गं. पण बादच्या खोक्यातला विग आहे हा. खाली जाळी आहे, कडेला गोंद लावलाय, म्हणून ओढला की कातडी ताणते. बायांनो, गाठ मारलेल्या केसाला मूळ नसतं! मूळ हवं असेल तर रक्त तपासा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला आधी 'का' म्हणून विचारा."

पुढच्या दोन रांगांतल्या बायका माना उंचावून वेणीवालीचा भांग निरखू लागल्या. मागं अजून माईचा जयजयकारच चालू होता. पायऱ्यांवर तर नव्या बायका तेल भरून घ्यायला पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढत होत्या.

माईनं माईक हिसकावला. "तोंड सांभाळ! गाठ माझ्याशी आहे!"

धाकटीला धड उभंही राहवत नव्हतं. तिनं वेणीवालीच्या भांगावर बोट टेकवलं आणि कोरड्या पडलेल्या घशानं, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली,

"खोटं! गाठ माझ्या ताईची आहे!"