एकच माशी

“उठा की आता! पुरं झालं सोंग,” चंपा हसत म्हणाली आणि तुळशीला पाणी घालू लागली.

पिराजी जास्वंदीच्या बुडाशी आडवा झाला होता. त्यात नवल ते काय? तरुणपणी निपाणीहून बेंगळुरात आल्यापासून तो माळीकाम करत होता. आता जालहळ्ळीतल्या कारखान्याच्या नव्या वसाहतीतही कुणाच्या झाडावर मोहोळ बसलं की त्यालाच बोलावणं यायचं. दरवेळी चार-दोन माश्या डसायच्याच. मग हा गडी डोळे पांढरे करून, “मेलो की ग, चंपे!” म्हणत कोसळायचा आणि ती धावत आली की खदाखदा हसायचा. साठी उलटली तरी खोड गेली नव्हती.

पण आज तो ‘मेलो’ म्हणाला नव्हता.

चंपाच्या हातून तांब्या सुटला. पिराजीचे ओठ टम्म सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास घशात घरघरत होता. मानेवर माशीचा काटा होता, एकच.

“कावेरीअक्का, बन्नी! या की लवकर! ह्यांना बगा काय झालंय!”

शेजारच्या कावेरीच्या मुलांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर विद्याधरांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू श्वास मोकळा झाला, तशी चंपा डॉक्टरांकडे वळली.

“एका माशीनं? शेकड्यानं डसल्यात की हो ह्यांना! अंग पक्कं झालंय.”

“अंग असं पक्कं होत नाही, मावशी. डंख सोसता सोसता एखाद्या दिवशी तेच उलटतं. तरुणपणी कदाचित निभावलंही असतं, पण या वयात हृदयाला एवढा धक्का झेपत नाही. यापुढे त्यांना माश्यांजवळ जाऊ देऊ नका.”

पिराजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तो रडत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला रडताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

चार दिवसांनी जास्वंद सुकायला लागली, तेव्हा झारी घेऊन चंपाच बाहेर गेली. माशी दिसली की आजवर पदरात तोंड लपवणारी चंपा. एक माशी नेमकी तिच्या मनगटावर येऊन बसली.

“हलू नगंस, चंपे!” बंद खिडकीआडून पिराजी ओरडला. “हलू नगंस!”

ती हलली नाही. माशी उडाल्यावर तिनं वळून पाहिलं. तो काचेला दोन्ही तळवे लावून उभा होता. चंपानं पदर खोचला आणि झारी जास्वंदीच्या मुळाशी वाकवली.