रेघेचं टेबल

"पोटातून बाळ बाहेर आलंय, अक्कल नाही आली बाहेर."

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. शेजारच्या स्टुलावर बसलेली रेघ हे सगळं एका जाकिटाच्या कॉलरला ऐकवत होती. कॉलर बिचारी निमूट ऐकून घेत होती, आणि रेघ तिचा लोंबता दोरा कचकन कापत होती.

रेघ हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला खऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनं स्वतःसुद्धा मागे वळून पाहिलं नसतं. कापडावर खडूनं तिनं ओढलेली रेघ पट्टी लावून तपासावी आणि पट्टीच वाकडी निघावी, असा तिचा लौकिक. सात वर्षं ती कटिंगच्या मोठ्या टेबलावर होती. कापडाचे पन्नास-साठ थर एकावर एक अंथरायचे आणि उभ्या पात्याच्या मशीननं पाव कापावा तसे कापत जायचं, हे तिचं काम. डाव्या हातात पोलादी कड्यांचा हातमोजा. तो खास तिच्या मापाचा मागवलेला, कारण तिचा पंजा शाळकरी मुलीएवढा. मग ती सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर गेली. परत आली तेव्हा टेबलापाशी एक उंच माणूस उभा होता आणि तिच्यासाठी दोरे कापायच्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलेलं होतं.

"तुमच्याच सोयीसाठी हो," साहेब म्हणाले होते. "रात्रीची जागरणं, त्यात हे पात्याचं काम. इथं बसून करा आरामात. थोडे दिवस."

सोय हा शब्द मग मजलाभर फिरला. शिलाईवाल्या म्हणाल्या, सोय झाली बाई तुझी. इस्त्रीवाला म्हणाला, बरंय, बसून काम. मावशी चष्मा पुसत राहिल्या. त्यांचं काम तयार माल तपासायचं, दोरे कापणाऱ्यांच्या शेजारी बसून. त्या जागेवर त्याही थोड्या दिवसांसाठीच आल्या होत्या. त्याआधी कॉलर शिवायच्या मशीनवर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग मुलगी झाली. ती मुलगी आता बावीस वर्षांची होती.

रजेवर जाताना ऑफिसनं दिलेलं पत्र रेघेनं जपून ठेवलं होतं. परत आल्यावर त्याच कामावर, त्याच पगारावर रुजू करून घेऊ, असं त्यात साहेबांच्याच सहीनिशी लिहिलेलं होतं. पत्राची घडी डब्याच्या पिशवीत असायची. रोज अकरा वाजता ती उठायची, साहेबांच्या काचेच्या दारावर टकटक करायची आणि विचारायची, "साहेब, माझं टेबल कधी?"

साहेब म्हणायचे, "बघू."

ती परत यायची आणि छोट्या वहीत तारीख लिहून पुढे लिहायची, 'बघू.' ना आवाज चढवणं, ना डोळ्यांत पाणी. एकोणीस तारखा झाल्या होत्या आणि एकोणीस बघू. मावशींना आधी हसू यायचं. मग हळूहळू त्यांचंच लक्ष पावणेअकरापासून घड्याळाकडे जायला लागलं. आपल्याला हे बावीस वर्षांत एकदाही जमलं नाही, आणि ही पोरगी रोज उठून जाते, जणू दळण टाकायला चालली आहे!

दुपारी जेवण झालं की रेघ बाळासाठी दूध काढायला कापडाच्या गोदामात जायची. मावशी दाराबाहेर कापडाच्या एका गुंडाळीवर ठाण मांडून बसायच्या. कुणी आत जायला लागलं की म्हणायच्या, "माल मोजणी चालू आहे."

"आत्ताच तर मोजला!"

"मग पुन्हा मोजतायत. तुला काय करायचंय?"

आतून रेघेचं हसू ऐकू यायचं. बाहेर येताना तिच्या हातात दुधाची छोटी बाटली, फडक्यात गुंडाळलेली. घरी सासूबाई बाळाला सांभाळत. "म्हणतात, तू जा बिनधास्त," रेघ सांगायची. "पण काल विचारत होत्या, टेबलापाशी परत उभी राहिलीस का? मी म्हटलं, हो. खोटं बोलले मावशी. त्यांना मी मशीन चालवते याचा केवढा अभिमान! शेजारणीला सांगतात, आमची सून लोखंडी हात घालून काम करते."

मावशींनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला हवं होतं ते ओठांपर्यंत आलं आणि सवयीनं परत गेलं.

विसाव्या दिवशी नवा माल आला. उभ्या धारीचं, मखमलीसारखं जाड कॉर्डरॉय. त्याची पहिली बारा जाकिटं शिवून दोरे कापायला आली. मावशींनी पाच तपासून बाजूला ठेवली. शिलाई उत्तम, बटणं सरळ. सहावं रेघेच्या मांडीवर होतं. दोरा कापता कापता तिचा तळहात जाकिटाच्या डाव्या बाजूवरून खाली घसरला. मग उजव्या. मग ती थांबली, डोळे मिटले आणि पुन्हा एकदा दोन्ही बाजूंवरून हात फिरवला.

"काय गं?"

"हात द्या मावशी. इकडे वरून खाली. कसं लागतं?"

"मऊ."

"आता इकडे."

मावशींच्या बोटांना बारीक खरखर लागली, दाढी वाढलेल्या गालावरून हात फिरवावा तशी. त्यांचा चेहरा उतरला. कॉर्डरॉयला लव असते, मांजराच्या पाठीसारखी, एकाच दिशेला. म्हणून ते अंथरताना एक थर संपला की कापड कापायचं, रिकाम्या हातानं टेबलाच्या सुरुवातीला परत यायचं आणि दुसरा थर पुन्हा तिथूनच अंथरायचा. चालून चालून पाय दुखतात. या वेळी कुणीतरी वेळ वाचवायला साध्या सुती कापडासारखं ते जाता-येता, घडी घालत अंथरलं होतं. एक थर सुलटा, एक उलटा. प्रत्येक जाकिटाची एक बाजू एका थरातली, दुसरी दुसऱ्यातली. ट्यूबलाइटखाली काही कळत नव्हतं. उजेडात एक बाजू तपकिरी दिसली असती आणि दुसरी जवळजवळ काळी.

मावशींनी आधी तपासलेली पाच जाकिटं पाहिली. मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला.

"गप्प बस. जाऊ दे माल. परत येईल ना सगळा, तेव्हा कळेल साहेबांना टेबलावर कोण हवं ते."

रेघ क्षणभर खरंच बसून राहिली. पलीकडे टेबलावर पुढचे साठ थर अंथरून झाले होते आणि उंच माणसानं मशीनची वायर लावली होती.

"नाही हो मावशी," ती उठत म्हणाली. "त्यात कापडाचं काय चुकलं?"

दोन जाकिटं खांद्यावर टाकून ती तरातरा निघाली. मावशी मागोमाग. तिची चाल पाहून शिलाई मशीनं एकेक करून थांबत गेली.

"दादा, पातं लावू नका."

उंच माणूस गोंधळला. सगळे त्याला जिराफ म्हणत आणि तो हसून मान आणखी वर करी. माणूस वाईट नव्हता. रेघेनं त्याचा हात धरून तो कापडावर फिरवला, तसा त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अंथरलं मीच," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, चकरा मारू नकोस, उद्यापर्यंत सगळं कापून हवंय. मी म्हटलं होतं एकदा... पण मी इथं नवीन."

रेघेनं त्याला एका शब्दानं टोचलं नाही. जाकिटं तिनं मोठ्या दारात, बाहेरच्या उजेडात टांगली. सगळा मजला बघायला आला. दोन जाकिटं, चार बाजू, दोन रंग.

साहेब धावत आले. त्यांनी जाकिटांकडे पाहिलं, टेबलावरच्या साठ थरांकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"कुणी पकडलं हे?"

सगळ्यांनी रेघेकडे पाहिलं.

"अरे वा!" साहेबांना बसायला जागा मिळाल्यासारखं झालं. "शाब्बास! साठ थर वाचवलेत तुम्ही. थांबा हं." ते काचेच्या खोलीत गेले आणि पोलादी हातमोजा घेऊन आले. इतके महिने तो त्यांच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होता. एका बोटात टाचण्या अडकल्या होत्या. "हे घ्या तुमचं बक्षीस. उद्यापासून टेबलावर! दादा दुसऱ्या टेबलावर जातील, तिथं माणूस हवाच आहे. आता तरी खूश?"

टाळ्या वाजल्या. इस्त्रीवाल्यानं शिट्टी मारली. जिराफसुद्धा मनापासून टाळ्या वाजवत होता. मावशींनीही दोन्ही हात उचलले, पण ते एकमेकांपर्यंत पोचले नाहीत.

कारण रेघेनं हातमोजा घेतलाच नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, नेहमीच्या अकरा वाजताच्या आवाजात, "आणि ही चूक मला सापडली नसती तर?"

टाळ्या विरल्या.

"आता कशाला तो विषय? सापडली ना!"

"नसती सापडली तर मी तिथंच बसले असते का? किती दिवस?"

"अहो, तुमच्या सोयीसाठीच तर..." साहेबांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. शिलाईवाल्या आपापल्या नखांकडे बघायला लागल्या. इस्त्रीवाल्याला छतावरचा पंखा फार आवडला. शेवटी साहेबांची नजर मजल्यावरच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात गरीब स्वभावाच्या माणसावर येऊन थांबली. "मावशी, तुम्हीच सांगा हिला. तुमचीही अशीच सोय केली होती ना आपण? काही बिघडलं?"

मावशींनी चष्मा काढला. पदरानं पुसला, गरज नव्हती तरी. मग पुढे होऊन साहेबांच्या हातातून तो हातमोजा घेतला, बोटातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि तो रेघेच्या डाव्या हातात चढवला. कडी कडीवर सरकत, किणकिणत, तो मनगटापर्यंत बसला.

"बक्षीस कसलं, साहेब?" त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या मजल्याला ऐकू गेला. "टेबल तिचंच होतं. चूक सापडली असती, नसती, तरी तिचंच होतं. आणि सोय बिय काही नव्हती ही. तिला मूल झालं म्हणून तुम्ही तिचं काम काढून घेतलंत. माझंही असंच काढून घेतलं होतं, आणि मी बावीस वर्षं त्याला सोय म्हणत बसले."