पडद्यामागचा बेंजो

"काका, तुमी पडद्यामांगं बसा. आवाज तं बाहीर येतेच ना," प्रसेनजित म्हणाला.

इंद्रभानने मान डोलावली. या माणसाला कोणी काहीही सांगावं आणि यानं मान डोलवावी, हे मी तीस वर्षं बघतो आहे. नांदुऱ्याच्या आमच्या वरातीच्या बेंजो पार्टीत तो बेंजो वाजवतो आणि मी भोंग्यांची गाडी चालवतो. पुढे वरात नाचते, मागून आम्ही रांगत जातो.

प्रसेनजित त्याचा सख्खा पुतण्या. पुण्यात इंजिनिअरिंग करून हा दिवटा परत आला तो नुसते केस वाढवून. तीन मित्र गोळा केले, आमची गाडी टिनाच्या शेडमधून बाहेर उन्हात काढली आणि शेडमध्ये यांचा बँड सुरू झाला. दैवत म्हणे स्वीडनचा कुठलासा जुना बँड. स्वीडन कुठे आहे विचारलं तर चौघं चार दिशांना बोटं दाखवतील.

एके दिवशी त्या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट फोनवर बघून चौघंही रडवेले झाले. तिकडची ती पोरं जुन्या गाडीतून गावोगाव नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत फिरायची. सोबत पाचवा एक म्हातारा असायचा, पण पोस्टरवर त्याचं नाव कधी छापलंच नाही.

"किती मोठा अन्याय हाय हा, काका!" प्रसेनजित डोळे पुसत म्हणाला. काका तेव्हा त्यांचेच चहाचे कप विसळत होता.

गावातल्या कॉलेजच्या संमेलनासाठी यांनी त्या बँडचं एक गाणं निवडलं, त्यात किणकिणता आवाज होता. यांच्या महागड्या कीबोर्डातून तो काही केल्या निघेना. इंद्रभानने दोनदा ऐकलं, बेंजो मांडीवर घेतला आणि टंकयंत्रासारखी त्याची बटणं दाबत तारांतून तोच आवाज काढला. चौघांची तोंडं बघण्यासारखी झाली. ज्या वाद्याला गावठी म्हणून हसायचे, तेच हवं होतं. म्हणून तर पडदा.

इंद्रभानने एकच मागितलं. "माईकवर माह्यं नाव घेजो, बाबू. आजवर कोनं घेतलं नाई."

"हाव ना, काका. हे काय सांगाव लागते?"

"नाव घेऊन काय करशीन बे?" मी त्याला नंतर विचारलं.

"कोकिळा येऊन राह्यली ना. तिले ऐकू जाईन." कोकिळा म्हणजे त्याची बायको. मला हसूच आलं.

वरातीत गाणं बेंजोवाला थांबवत नसतो. नाचणाऱ्यांतला कोणी हात वर करतो, मी हॉर्न देतो, मग इंद्रभान शेवटची ओळ घेऊन बोटं उचलतो. वाजवताना त्याला त्या हॉर्नखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही.

संमेलनाला इंद्रभानला घेऊन मीच गेलो, गाडी पडद्यामागेच लावली. दुपारी यांचं गाणं झालं. चौघं थांबले. पडद्यामागे माझ्या शेजारी इंद्रभान मात्र सुरूच. तोवर जांभया देणारी पोरंपोरी खुर्च्या सारून उठली आणि नाचायला लागली. प्रसेनजित लालबुंद होऊन आत आला.

"काऊन आमची इज्जत घालून राह्यले, काका? बंद करा!"

इंद्रभानची मान खालीच. मग प्रसेनजितने माझ्याकडे बघून वायरीकडे बोट दाखवलं.

मी पडलो गाडीवाला. बोट दिसलं की हुकूम पाळायचा, एवढंच मला येतं. मी वाकलो आणि बेंजोची वायर उपटली.

बाहेरचा नाच थांबला. इंद्रभानने एकदा वायरीकडे पाहिलं. मग हातभरही आवाज न जाणाऱ्या त्या तारांवर त्यानं शेवटची ओळ पूर्ण वाजवली आणि बोटं उचलली.

माईकवर प्रसेनजित नावं घेत होता. चार घेतली. टाळ्या पडल्या. चौथ्या नावानंतरही इंद्रभान मान वर करून थोडा वेळ बसून राहिला. पुढचं गाणं सुरू झालं.

या माणसाला मी जन्मभर मेंगळट म्हणत आलो. बेंजोभोवती रुमाल गुंडाळताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉर्न द्याचा होता ना, भागवत. थांबलो असतो मी."