बाइकेंची खोटी ओरड

सागिनबेक बाइकेंना शुक्रवारी नोकरीवरून काढून घरी पाठवायचं ठरलं, तेव्हा त्या ठरवण्यात मीही होते. मी फक्त मान डोलावली होती. पण डोलावली होती.

आमच्या बिश्केकच्या कचेरीत तेच सगळ्यांत वडील, म्हणून थोरल्या भावाच्या नात्यानं सगळे त्यांना बाइके म्हणायचे. डोंगरातल्या हिमतळ्यांचं पाणी वाढलं की खालच्या गावांना कळवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीतल्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बाइकेंनी लिहिलेला. बॅटरी वाचवणारा भाग माझा.

जुलैत वरच्या तळ्यावरची पेटी नऊ तास मुकी झाली. राखणदार कुबात घोड्यावरून वर गेला, पेटी बंद करून पुन्हा चालू केली. आठवड्यानं परत तेच. पाणी वाढलं नाही हे आमचं नशीब, कारण खाली चाळीस घरं आहेत.

मालक तालायनं पेटीची नोंद उघडली. सगळ्यांत वर इशारा होता: इथे कुलुपं एकमेकांत अडकू शकतात. प्रोग्रॅममधलं एखादं काम एखादी गोष्ट वापरताना तिला कुलूप लावतं, म्हणजे दुसरं काम मध्ये घुसत नाही. दोन कामांनी एकेक कुलूप धरून दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहत बसायचं, आणि दोघांनी जन्मभर तिथंच बसायचं, असा तो घोटाळा. तो होण्याआधीच ओळखणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम आम्ही पेटीत चालू ठेवला होता. त्यानं नाव घेतलं होतं बाइकेंच्या ड्रायव्हरचं.

"ती खोटी ओरड आहे," बाइके म्हणाले. "तीन वर्षं ओरडतोय तो."

"खोटी आहे ना, मग बंद करा!" तालाय म्हणाला. "एका ओळीचं काम. या कुलपाकडे बघू नकोस म्हणावं."

"तोंड नाही बांधायचं त्याचं. समजावून सांगायचं."

"कुणाला बाइके, यंत्राला?" मी म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. माझी जीभ तेव्हा जरा जास्तच चालायची.

जायच्या आधी ती ओरड थांबवायला बाइकेंना शुक्रवारपर्यंतची मुदत मिळाली. बाइके तीन दिवस मान खाली घालून बसले. गुरुवारी सकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला, खरं तर काय चाललंय ते बघायला.

"बस. हे तळलेलं बोरसोक घे," ते म्हणाले. "हे बघ, सर्किटची मुख्य पाटी एक, ती आई, आणि तिच्याखाली चार छोट्या पाट्या, तिची लेकरं. पाचही कुलुपं माझ्या एकाच ओळीतून जन्मली. पहारेकऱ्याला पाचही एकच वाटतात. आईचं कुलूप धरून लेकराचं मागितलं, की त्याला वाटतं, हा हातात धरलेलंच पुन्हा मागतोय. ओरडणारच की बिचारा!"

"मग ओरडू दे ना. नुकसान काय?"

"एकदा ओरडला की तो झोपतो, पोरी. पेटी पुन्हा चालू होईपर्यंत एकाही कुलपाकडे बघत नाही. पेटी चालू झाली की पहिल्या मिनिटाला माझ्यासाठी ओरडायचा, आणि पुढं सगळा वेळ पहाराच नाही. तीन वर्षं!"

हे आम्ही सगळ्यांनीच कधीतरी वाचलेलं होतं. मनावर कुणी घेतलं नव्हतं.

"आता मी त्याला पायऱ्या शिकवल्या," बाइके म्हणाले. "जेवायच्या आधी हातावर पाणी घालतो ना आपण, आधी थोरल्याच्या, मग धाकट्याच्या? तसं. ही पहिली पायरी, ही दुसरी."

त्यांनी टेबलावरची पेटी चालू केली. पहिलं मिनिट गेलं, पाचवं गेलं. ओरड नाही. बाइकेंनी कपाळ पुसलं आणि खायला सामसा आणायला बाहेर गेले. ते गेल्यावर दहा मिनिटांत पहारेकरी ओरडला.

मी वाकून वाचलं. ड्रायव्हर आधी सेन्सरचं कुलूप घेतो, मग बॅटरीचं. कुणीतरी आधी बॅटरीचं घेऊन मग सेन्सरचं मागत होतं. डोंगरावरच्या रात्रीच्या थंडीत दोन्ही कामं एका क्षणी आली की पेटी मुकी. ही ओरड खरी होती, आणि त्या बॅटरीच्या भागाखाली माझं नाव होतं.

घरी दोन वर्षांची लेक, नवरा परदेशी, नोकरी ही एकच. मी स्क्रीन बंद केली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. बाइके परत आले, स्क्रीन उघडली, बराच वेळ वाचत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी त्यांना पुन्हा चहा नेला नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही नेला.

शुक्रवारी सकाळी तालायकडे जायचा अहवाल सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला होता. मी उघडला. "पेटी मुकी होण्याचं कारण सापडलं व दुरुस्त केलं. चूक माझी. सागिनबेक."

मी तशीच त्यांच्या टेबलाशी गेले.

"बाइके, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"हळू बोल. मी तसाही आज चाललोय. माझ्या नावावर एक जास्त झाली, काय बिघडलं?"

"चूक माझी आहे."

"ठाऊक आहे. तुझी पोर लहान आहे, हेही ठाऊक आहे."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्यांच्यासमोरच मी त्यांचं नाव खोडलं. लिहिलं: चूक माझी, सायकाल. बाइकेंच्या ड्रायव्हरच्या नावानं झालेली ओरड खोटीच होती. काल दुपारीच मला कळलं होतं, मी गप्प बसले.

तालायच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. बाइके चष्मा चढवून अहवाल वाचत होते. वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

"अर्धवट लिहिलंस," ते म्हणाले. "कितव्या ओळीत चुकलीस, तेही लिही. पुढच्याला शोधत बसायला नको."